नंबरचा मास्क

चष्मेवाले चिकट आहेत हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं, आणि बाजार काही त्यांच्यावर उगाच आळ घेत नव्हता. छत्तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. फ्रेमचा तांदळाएवढा स्क्रू खाली पडला तर गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून, गुडघ्यांवर बसून शोधायचे आणि सापडला की गड जिंकल्यासारखे उठायचे. असे हे गृहस्थ क्रूझच्या पाचव्या मजल्यावर, किनाऱ्यावरच्या सहली विकणाऱ्या काउंटरसमोर उभे होते. दराचा फलक वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फलक परत वाचला. आकडा तोच होता.

"पाण्यात पालथं पडून मासे बघायचे, त्याचे एवढे?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"स्नॉर्केलिंग आहे ते काका. बोट, मास्क, तोंडातली नळी, जाकीट, गाइड, सरबत, सगळं त्यात आलं."

"सरबत नको. सरबत वजा करून सांग."

मुलगी हसली, पण आकडा काही हलला नाही. मागे रांगेत विमा एजंट उभे होते. जेवणाच्या टेबलावर रोज समोर बसणारे, तेवढीच ओळख. ते म्हणाले, "भरा हो काका, वर काय घेऊन जायचंय? स्वस्तात स्वतःचे स्वतः जाल, कुठंतरी बस चुकेल आणि जहाज तुमच्या तोंडावर निघून जाईल." आणि त्यांनी आपली दोन तिकिटं काढली, पैसे देताना चष्मेवाल्यांकडे जरा जास्तच बघत.

काकू नवऱ्याचं कोपर धरून बाजूला उभ्या होत्या. बाजार त्यांना चष्मेवाले काका म्हणतो, म्हणून त्या काकू. "राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "नाही बघितले मासे, तर काय अडलंय?"

"अडलंय," चष्मेवाले म्हणाले. "चल तू."

ते कोपर धरणं ही काकूंची गेल्या तीन-चार वर्षांतली नवी सवय. घराबाहेर पाऊल टाकलं की हात कोपरावर. चष्मेवाल्यांना ते मनातून फार आवडायचं. शेजारच्या घड्याळवाल्याला ते ऐकवायचे, "छत्तीस वर्षं माझ्या दोन पावलं मागं चालली. आता म्हातारपणी प्रेम उतू चाललंय." घड्याळवालाही डोळा मारायचा.

आता काय अडलं होतं ते सांगते. काकूंचे डोळे. चहाचा कप बशीवर न ठेवता बशीच्या बाजूला ठेवायच्या. गेल्या सहा महिन्यांत आमटीत दोनदा मीठ पडलं आणि एकदा पडलंच नाही. जहाजावर आल्याच्या पहिल्याच दिवशी खोलीच्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, त्याचा निळा डाग अजून होता. छत्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला हे दिसलं नसेल का? दिसलं हो. पण घरच्या माणसाचं दुखणं म्हटलं की भले भले डोळ्यांवर कातडं ओढून घेतात. चष्मेवाल्यांनी एक दिवस स्वतःच निकाल देऊन टाकला: मोतीबिंदू पिकतोय. परत गेल्यावर काढून टाकू, वीस मिनिटांचं काम. मोतीबिंदूच आहे की आणखी काही, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्यांच्या प्रत्येक बिलाखाली लाल अक्षरांत छापलेलं असायचं, चाळिशीनंतर वर्षातून एकदा डॉक्टरकडे डोळ्याचा दाब तपासून घ्या. बिल न घेणाऱ्यालाही ते तोंडी सांगायचे. काकूंना कधी बिल लागलं नाही.

क्रूझचं तिकीट लेकीनं आणि जावयानं काढलं होतं, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. त्याच दिवसापासून चष्मेवाल्यांच्या डोक्यात मासे शिरले. काकू फार पूर्वी, लेक लहान असताना, टीव्हीवर समुद्राखालचं काहीतरी बघून म्हणाल्या होत्या, "खरंच असे रंग असतात का हो? एकदा बघायला पाहिजे." ते त्यांना आठवलं. हल्लीचं काही आठवत नसलं तरी हे आठवलं, आणि मग त्यांना चैन पडेना. पण काकूंचा नंबर प्लस चार आणि यांचा मायनस सहा. चष्म्यावर मास्क बसत नाही, आणि चष्म्याशिवाय दोघंही ठार. मग काय, माणूस कामाला लागला. दोन साधे मास्क आणले, अगदी सारखे. घर दुकानाला लागूनच. दुकान बंद झाल्यावर मागच्या टेबलावर बसून एकात प्लस चारच्या आणि दुसऱ्यात मायनस सहाच्या काचा घासून, पारदर्शक गोंदानं आतून चिकटवल्या. तीनदा चिकटवल्या, तीनदा काढल्या, बादलीत बुडवून बघितल्या. काकूंच्या मास्कच्या पट्ट्याला खुणेसाठी लाल दोरा बांधला. असं काम त्यांनी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं.

त्याआधी रविवारी काकूंना दुकानात बसवून नंबर तपासला. काकूंनी तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली. "बघ," चष्मेवाले खूश होऊन म्हणाले, "चार वर्षं नंबर जागचा हलला नाही. मोतीबिंदू आहे, पण नजर अजून पक्की आहे." काकू म्हणाल्या, "तुमच्या हाताचा गुण." आणि त्यावर तो भला माणूस दिवसभर शीळ घालत फिरला.

तर बोटीचे पैसे द्यायचे नव्हते आणि मासे तर बघायचे होते. चष्मेवाल्यांनी जहाजावरच्या न्हाव्याला गाठलं. तो नऊ वर्षं याच जहाजावर, दर पंधरवड्याला याच बंदरात उतरणारा. दाढी करता करता त्यानं सगळं सांगितलं. बंदराच्या फाटकापाशी टॅक्सीवाले अंगावर येतील, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सरळ दहा मिनिटं चालायचं, पोस्टाच्या समोरून हिरवी बस धरायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं. तिथं जुना मोडका धक्का आहे, होड्या आता लागत नाहीत. त्याच्या खांबांभोवती मासेच मासे. बोट नको, गाइड नको, कमरेएवढ्या पाण्यात चालत जायचं. "आम्ही कामगार सगळे तिथंच जातो," न्हावी म्हणाला. "जाकिटं मिळतात भाड्यानं, किरकोळ पैशात. फक्त अडीचची बस सोडू नका. चारला शिडी उचलतात."

सकाळी उतरताना जहाजाच्या शिडीवर काकूंचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, चष्मेवाल्यांना वाटलं. फाटकापाशी टॅक्सीवाले खरंच अंगावर आले आणि ते छाती काढून त्यांच्यामधून निघून गेले. पोस्ट सापडलं, हिरवी बस सापडली. बसभाडं ऐकून तर त्यांना इतका आनंद झाला की काकूंना त्यांनी तो आकडा दोनदा ऐकवला. वाटेत ते खिडकीतून दाखवत राहिले, हे बघ केवढं झाड, ते बघ गच्चीवर वाळत घातलेली जाळी. काकू म्हणत राहिल्या, "हो की. केवढं."

मोडका धक्का न्हाव्यानं सांगितला तसाच होता. अर्ध्यातून फळ्या गेलेल्या, पुढे नुसते खांब. वाळूत एक जाडजूड बाई चार खुर्च्या, जाकिटांचा ढीग आणि साबणाच्या पाण्याचं घमेलं मांडून बसली होती. तिनं मास्क मागितले. "साबणात बुचकळून देते, नाहीतर आतून वाफ धरते." दोन्ही मास्क घमेल्यात गेले, खसाखसा हलले आणि बाहेर आले. चष्मेवाले तेव्हा जाकिटाचं भाडं कमी करून घेण्यात गुंतले होते. पट्ट्याचा लाल दोरा सुटून घमेल्याच्या फेसातच राहिला, ते कुणी बघितलं नाही.

दोघांनी चष्मे काढून खुर्चीवरच्या पिशवीत ठेवले. जाकिटं चढवली. काकूंचा हात धरून चष्मेवाले पाण्यात शिरले. पाणी गार होतं, संथ होतं. कमरेपर्यंत आल्यावर त्यांनी काकूंच्या डोक्यावरून मास्कचा पट्टा ओढला, केस बाजूला केले, नाकापाशी नीट दाबून बसवला. नवऱ्यानं असे केस बाजूला केल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"कसं दिसतंय?"

काकूंनी मान इकडून तिकडे फिरवली. "लख्ख," त्या म्हणाल्या. "काच आहे असं वाटतच नाही."

चष्मेवाल्यांना धन्य धन्य वाटलं. मग त्यांनी दुसरा मास्क स्वतः चढवला आणि सगळं जग पातळ पिठासारखं झालं. धक्का नाही, किनारा नाही, हातभरावरची बायको नाही. काच निखळली, पहिला विचार तोच आला. मास्क उतरवून त्यांनी बोट फिरवलं. काचा घट्ट होत्या. मग छत्तीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप लांब झाला. काच धक्क्याच्या खांबासमोर धरून त्यांनी उजवीकडे हलवली. खांब धूसर होता, पण कुठल्या बाजूला सरकतो एवढं कळायला पुरेसा. तो डावीकडे सरकला. काच जाते त्याच्या उलट दिशेला. म्हणजे प्लस. पोरगेलेसे शिकाऊ असल्यापासून त्यांना हे कळत होतं, यात चूक व्हायला जागाच नव्हती. हा मास्क काकूंचा होता.

मग काकूंच्या डोळ्यांवर काय होतं? मायनस सहा. प्लस चारच्या डोळ्यावर मायनस सहा, म्हणजे दहा नंबरांचा फरक. अशा काचेतून माणसाला स्वतःचा हात दिसायचा नाही. आणि ही बाई म्हणत होती, लख्ख.

 माझं मन राखायला म्हणाली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. बायका म्हणतात असं. भाजी करपली तरी आपण नाही का म्हणत, चांगली झालीय. त्यांनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"थांब गं. पट्टा सैल वाटतोय." मास्क उतरवला, बदलला, खरा मास्क चढवला. "आता?"

"तसंच. छान."

"आधीचं चांगलं की हे?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर किती हजार वेळा गेलं असेल. ट्रायल फ्रेममध्ये एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं. लोक अर्ध्या नंबरावरून वाद घालतात. पाव नंबरावरून भांडलेली गिऱ्हाइकं त्यांनी बघितली होती.

काकूंनी पट्टा चाचपला. मग हसून म्हणाल्या, "दोन्ही चांगलं."

चष्मेवाल्यांना उत्तर मिळालं होतं. पण माणूस हट्टी. छातीवर हात ठेवून एकदा विचारायचं, तर नाही. त्यांनी काकूंना नळी तोंडात कशी धरायची ते दाखवलं आणि म्हणाले, "तोंडात नळी असली की बोलता येणार नाही. मासा दिसला की मी तुझा हात दोनदा दाबेन. तुला दिसला की तू दाब."

काकूंनी मान डोलावली. दोघंही पालथे पडले, हातात हात, आणि पाय हलवत धक्क्याखाली गेले.

न्हाव्यानं एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं. खांबांना हिरवं-जांभळं शेवाळ चढलं होतं आणि त्याच्याभोवती मासेच मासे. बोटाएवढे निळे, झुंडीनं वळणारे. ताटाएवढे चपटे, पिवळ्यावर काळे पट्टे ओढलेले. एक लांबोडका, चंदेरी, सुईसारख्या तोंडाचा, तर काकूंच्या मास्कसमोर वीतभर अंतरावर येऊन थांबला. काचेत डोकावून बघत राहिला. चष्मेवाल्यांनी हात दाबला नाही. मुद्दाम दाबला नाही. काकूंच्या हातानंही काही केलं नाही. मासा कंटाळून निघून गेला.

त्यांनी काकूंना हळूहळू खांबांपासून दूर नेलं. इथं खाली नुसती वाळू होती. पांढरी, सपाट, वळ्या पडलेली. मासा नाही, शिंपला नाही, एक काडीसुद्धा नाही. चष्मेवाल्यांनी चारी बाजूंना नीट बघून घेतलं, काम चोख करायची सवय. आणि मग काकूंचा हात दोनदा दाबला.

काकूंनी लगेच दाबला. दोनदा, जोरात, आनंदानं. आणि मोकळा हात पुढे करून त्या रिकाम्या वाळूकडे बोटसुद्धा दाखवलं.

चष्मेवाले उभे राहिले. नळी तोंडातून पडली. त्यांनी काकूंना दंडाला धरून उभं केलं आणि किनाऱ्याला आणलं. खुर्चीवर बसवलं, दोघांचे मास्क उतरवले, आपला चष्मा घातला, पंच्यानं काकूंचं तोंड पुसलं. काकू बोलत होत्या. "केवढे हो रंग. तो पिवळा बघितलात? पट्ट्यापट्ट्यांचा? टीव्हीत होता अगदी तसा."

"तिथं वाळू होती," चष्मेवाले म्हणाले.

माशाचा आकार दाखवणारा काकूंचा हात खाली आला.

"मी हात दाबला तिथं काही नव्हतं. आणि आधी मी तुला चुकून माझा मास्क घातला होता. मायनस सहाचा." त्यांनी दोन बोटं वर केली. "हे बघ. ही किती..."

"नका विचारू," काकू म्हणाल्या. "बोटं धरली असाल ना वर? खाली घ्या. ती बाई बघत असेल."

खुर्चीवाली खरंच बघत होती. चष्मेवाल्यांनी हात खाली घेतला.

"किती दिसतं?" त्यांनी विचारलं.

"डावा केव्हाच गेला. उजव्यात बांगडीएवढं उरलं होतं. मग अंगठीएवढं. त्यात चालायचं हो सगळं, मान फिरवली की झालं. गेल्या पावसापासून तेही नाही. उजेड कळतो. तुम्ही समोर उभे राहिलात की अंधार होतो, तेवढं कळतं."

"तक्ता वाचलास की. शेवटची ओळ."

"वीस वर्षं दर रविवारी पुसलाय तो तक्ता मी. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन."

हे सगळं त्या अशा सुरात सांगत होत्या, जसं दूध नासलं म्हणून सांगावं. चष्मेवाल्यांना कळत होतं काय झालंय. काठाकडून आत आत खात येतो तो काचबिंदू. डोळा दुखत नाही, खुपत नाही. वेळेवर थेंब सुरू केले तर आहे तेवढी नजर टिकते आणि गेलेली परत येत नाही, कुठल्याही काचेनं येत नाही. हजारो लोकांना त्यांनी हे समजावून सांगितलं होतं. कित्येकांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं होतं.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "घरात चष्मेवाला बसलाय आणि तू त्याच्यापासून डोळे लपवतेस? एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"चार वर्षं झाली. संध्याकाळी डोकं दुखायचं आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. तुम्ही जेवत होतात. मी म्हटलं, दिव्याला इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतंय हो, असं का? तुम्ही माझा चष्मा काढून घेतलात, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसलात आणि परत दिलात. म्हणालात, घे, गेलं कडं."

चष्मेवाले आठवू लागले. खूप आठवलं. जेवणाचं टेबल आठवलं, दिवा आठवला, ते फडकंही आठवलं. पण ती संध्याकाळ काही सापडेना. दिवसाला दहा जणांचे चष्मे ते पुसून द्यायचे, त्यातलाच तो एक असणार. दिव्याभोवती रंगीत कडी. दुकानात कुठल्या परक्या बाईनं हे सांगितलं असतं तर त्यांनी खुर्चीवरून उडी मारून तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं असतं. 

"मग परत का नाही बोललीस?"

"मग मलाही वाटलं, चष्माच मळला असेल. तुम्ही चष्मेवाले, तुम्हाला कळत असेल. आणि डावा गेला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. लोक काय म्हणाले असते? चष्मेवाल्याची बायको आंधळी. कोण चढलं असतं दुकानाची पायरी? आणि तुम्ही... तुम्ही जेवणखाण सोडलं असतंत. तुमचं तोंड बघवलं नसतं मला." मग त्या म्हणाल्या, "आता तो प्रश्नच मिटला म्हणा."

स्वतःच्याच बोलण्यावर त्या थोड्या हसल्या. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी गुडघ्यांवर कोपरं टेकली आणि तोंड हातांत घेतलं. ते रडत होते, आणि खुर्चीवाली बाई आता दुसरीकडे बघत होती.

"पण मासे कशाला?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं. "यायचंच कशाला इथं? मला म्हणायचंस, नको."

"म्हटलं की. काउंटरवर म्हटलं, घरी दहादा म्हटलं. तुम्ही ऐकताय कुठं?" काकूंनी चाचपून पिशवीतून चष्मा काढला आणि नाकावर ठेवला. इतक्या वर्षांच्या सवयीनं, उगाच. "आणि रोज संध्याकाळी मागच्या टेबलावर काच घासल्याचा आवाज यायचा. तीन आठवडे. चाळीस वर्षांत माझ्यासाठी असं काही घेऊन बसला नव्हतात तुम्ही. मोडवलं नाही मला."

दोन वाजून गेले होते. खुर्चीवालीनं घमेल्यात सापडलेला लाल दोरा आणून दिला, तुमचाच ना म्हणून. चष्मेवाल्यांनी जाकिटांचे पैसे दिले. सकाळी घासाघीस करून ठरवले होते त्यापेक्षा जास्तच दिले, आणि उरलेले परत घेतले नाहीत. मास्क पिशवीत भरताना त्यांच्या हातांनी सवयीनं काकूंच्या मास्कची काच फडक्यानं पुसली. आतून, बाहेरून, कडेकडेनं. मग आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते फडकं त्यांनी वाळूत टाकून दिलं.

अडीचची बस वेळेवर आली. येताना चष्मेवाले खिडकीतलं काही दाखवत नव्हते. काकूंनीच एकदा विचारलं, "ते झाड आलं का, मोठं?" ते म्हणाले, "गेलं मघाशीच." 

जहाजाच्या शिडीपाशी रांग होती. विमा एजंट पुढे उभे होते, नाक सोललेलं, तोंड पडलेलं. "काय सांगू काका," ते म्हणाले, "पैसे पाण्यात. बोटीनं इतकी वाळू ढवळली की खाली नुसतं गढूळ. एक मासा दिसला असेल तर शपथ. सरबतही कोमट. तुम्हाला दिसलं का काही तिकडं?"

"दिसले तर," काकू लगेच म्हणाल्या. "ताटाएवढे पिवळे, वर काळे पट्टे. निळे बारके तर मोजता येईनात. पाणी असं नितळ, म्हणून सांगते."

त्या विमा एजंटांच्या तोंडाकडे मान करून बोलत होत्या. आवाज येतो तिकडं, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. हात हलवत होत्या, माशाचा आकार दाखवत होत्या. चष्मेवाल्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा ते नीट बघितलं. किती सफाईनं करत होती. लेकीसमोर, जावयासमोर, घड्याळवाल्यासमोर, आणि रोज दोन्ही वेळा ताटावर बसून त्यांच्यासमोर.

"नशीबवान आहात," एजंट म्हणाले. "स्वस्तात काम झालं. काय काका, तुम्हालाही दिसले ना एवढे?"

"हिलाच जास्त दिसले," चष्मेवाले म्हणाले.

रांग पुढे सरकली. काकूंचा हात त्यांच्या कोपरावर आला, नेहमीसारखा. म्हातारपणी उतू चाललेलं प्रेम. घड्याळवाल्याला ते आता काय सांगणार होते? त्यांनी कोपर अंगाशी घट्ट धरलं, शिडीच्या कठड्याकडे काकूंचा दुसरा हात नेला आणि वाकून हळूच म्हणाले, "पायरी आहे. सांभाळ. एक..."

"अठरा आहेत," काकू म्हणाल्या. "सकाळी उतरताना मोजल्यात. चला तुम्ही."